पहिली नव्हे, कितवी?

बुलेटप्रूफ जाकिटाच्या प्लेटवर गोळी झाडायची, तर तिच्यामागे छातीऐवजी मातीची पेटी ठेवतात. शिल्पकार वापरतात ती रोमा प्लॅस्टिलिना नावाची तेलकट माती. ती आधी ओव्हनमध्ये कोमट करतात, मग किलोभर वजनाचा पोलादी गोळा दोन मीटरवरून तिच्यावर सोडून खळगा मोजतात. तो १९ मिलिमीटरच्या आसपास भरला, तरच पुढची तयारी. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या संस्थेच्या मानकातली ही पद्धत.

गोळी अडली म्हणजे प्लेट पास झाली, असं नाही. धक्क्याने प्लेट मागे फुगते आणि मातीत खड्डा पडतो. तो ४४ मिलिमीटरहून खोल गेला की नापास. हा आकडा १९७० च्या दशकात बकऱ्यांवर झालेल्या प्रयोगांतून आला, आणि तिथल्या गोळ्या रायफलच्या नव्हे, रिव्हॉल्व्हरच्या होत्या. रायफलच्या प्लेटलाही तोच लावतात, हे मला कधी पटलेलं नाही.

मी कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवायचो. माझा भाचा सीआरपीएफमध्ये आहे, गडचिरोलीत. एकदा म्हणाला, "मामा, आमची प्लेट एके-४७ ची गोळी अडवते. अजून काय पाहिजे?" मी विचारलं, "कितवी?"

खरी गोम तिथेच आहे. प्लेटचा पुढचा थर सिरॅमिकचा असतो: ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा सगळ्यांत हलकं आणि महाग बोरॉन कार्बाइड. गोळीतल्या कडक पोलादी गाभ्याहूनही हे कठीण. गाभा आदळला की तो फुटतो, सिरॅमिकही फुटतं आणि मागचा पॉलिथिलीनचा थर तुकडे झेलतो. थोडक्यात, प्लेट स्वतः मोडून माणसाला वाचवते. पण मोडलेली जागा मोडलेलीच राहते. पहिल्या गोळीच्या भेगा दूरवर पसरतात आणि दुसरी गोळी त्या भेगेवर पडली, तर तिथे अडवायला फारसं काही उरलेलं नसतं.

यावर एक तोड म्हणजे बाथरूमच्या फरशीसारखे छोटे तुकडे जोडून प्लेट बनवायची. भेग त्या तुकड्यापुरती थांबते. मात्र गोळी नेमकी सांध्यावर बसली तर पंचाईत. एकसंध प्लेटला सांधे नाहीत, पण तिची भेग मोकाट सुटते.

म्हणून किती गोळ्या झाडल्या, याला महत्त्व. २००८ च्या एनआयजे मानकात लेव्हल तीनच्या प्लेटवर सेकंदाला ८४७ मीटर वेगाच्या ७.६२ मि.मी. गोळ्या झाडायच्या, एकाच प्लेटवर सहा. त्यावरच्या लेव्हल चारला चिलखतभेदी गोळी, पण सक्ती एकाच गोळीची! वरचा वर्ग म्हणजे सगळ्याच बाबतींत सरस, असं धरून चालणारा इथे फसतो.

२६/११ नंतर आपल्याकडे जाकिटांवर खूप बोललं गेलं. भारताचं स्वतःचं मानक, आयएस १७०५१, मात्र २०१८ साली आलं. त्याच मानकाच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीसाठी डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने जाकीट बनवलं. चंडीगडला चाचणी झाली. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं की, पुढच्या एकसंध सिरॅमिक प्लेटने ७.६२ × ५४ आर एपीआय या स्नायपरच्या सहा गोळ्या अडवल्या. चिलखतभेदी गोळ्या, आणि त्याही सहा. म्हणून हे काम मला मोठं वाटतं.

गोळी न लागताही प्लेट तडकू शकते. त्यामुळे एनआयजेच्या चाचणीत प्लेट गोळीआधी उष्ण-दमट हवेत ठेवतात, जमिनीवर आपटतात. अमेरिकी लष्कर तर वापरातल्या प्लेटांचे एक्स-रे काढतं, कारण आतली चीर कापडाच्या कव्हरमधून दिसत नाही. तुमच्या घरचं कुणी असं जाकीट घालत असेल, तर एवढं जरूर सांगा: ड्यूटीवरून आल्यावर ते जमिनीवर फेकू नका, आणि प्लेट जोरात आपटली असेल तर वरिष्ठांना सांगून तपासून घ्या.