दोन चिठ्ठ्यांचा एक रोगी

इतवारीच्या किराणा ओळीत किंवा सराफ्यात दिवसभर गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या एखाद्या मुनिमाच्या खिशात डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असणे आज नवलाचे राहिलेले नाही. एक मधुमेहाच्या डॉक्टरांची, दुसरी मनोविकारतज्ज्ञाची. पहिली तो औषधाच्या दुकानात उघडपणे पुढे करतो. दुसरी घडी घालून लपवितो. या संकोचाची किंमत त्याच्या रक्ताला मोजावी लागते, हे त्याला ठाऊक नसते.

मधुमेह आणि खिन्नता यांचे नाते वैद्यकाला नवे नाही. दीर्घ शोकातून मधुमेह उद्भवतो, असे सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने लिहून ठेवले होते. मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असते, असे अलीकडचे संशोधन सांगते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा दोन्ही विकारांची औषधे एकाच वेळी घेणाऱ्यांची संख्या थोडीथोडकी नसणार, हे उघड आहे.

नैराश्यावरील सर्व औषधे रक्तातील साखरेशी सारखी वागत नाहीत. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन ही जुन्या पिढीतील औषधे आणि नव्यांपैकी मिर्टाझापिन भूक व वजन वाढवितात. वजन वाढले की इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो आणि साखर चढते. याउलट फ्लुओक्सेटिनने भूक कमी होते, इन्शुलिनचा परिणाम वाढतो आणि साखर उतरू शकते. शिवाय ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचे यकृतात होणारे विघटनही या औषधाने मंदावू शकते. इन्शुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्याची साखर मग नको तितकी खाली जाण्याचा धोका संभवतो. हेच औषध थांबविले की ती पुन्हा वर चढू शकते.

येथे एक फसगत दडलेली आहे. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. मनाच्या आजारातील घबराटही नेमकी अशीच असते. रोगी आणि घरचे ‘मनच बिघडले’ असे समजून त्याला निजवून ठेवतात. वस्तुतः त्या घटकेला साखर तपासणे आणि ती कमी असल्यास ग्लुकोज देणे निकडीचे असते. या विलंबाने शुद्ध हरपू शकते, प्राणही संकटात येऊ शकतो.

तथापि, भीतीपोटी मनाचे औषध परस्पर बंद करणे हाही उपाय नव्हे. नैराश्यात पथ्य सुटते, फिरणे थांबते, इन्शुलिनची वेळ चुकते. मन सावरले तर मधुमेहही आटोक्यात येण्यास साहाय्य होते. म्हणून औषध सुरू करताना, मात्रा बदलताना आणि थांबविताना साखर वारंवार तपासावी व इन्शुलिनची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावी, हाच विवेकाचा मार्ग होय.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. इतवारीजवळच्या मेयो रुग्णालयासारख्या शासकीय संस्थांत दोन्ही शाखांचे वैद्य एकाच आवारात भेटतात. मात्र दुसरी चिठ्ठी पहिल्या डॉक्टरांपुढे ठेवण्याचे धैर्य रोग्यानेच दाखविले पाहिजे, आणि ‘आणखी कोणते औषध चालू आहे?’ हे डॉक्टरांनी आपुलकीने विचारले पाहिजे. मनाच्या आजाराची लाज बाळगणाऱ्या समाजात या साध्या प्रश्नाचे मोल औषधाहून कमी नाही.