वाट विसरणारे जलसिंह आणि आपले तळे



संध्याकाळी जू उतरले की बैल न हाकता गोठ्याची वाट धरतो. पाणवठा कुठे आहे हे गाईला कोणी सांगावे लागत नाही. ही वाटेची आठवणच पुसली गेली, तर मुक्या जनावराने काय करावे? अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर नेमके हेच घडत आले आहे.

तिथल्या समुद्रात जलसिंह राहतात. मासे खाऊन जगणारा आणि पिलांना अंगावर पाजणारा हा प्राणी. १९९८ च्या मे-जून महिन्यांत तिथे चारशेहून अधिक जलसिंह मेले. कित्येकांना झटके येत होते, माना डोलत होत्या. शोध घेता कारण निघाले ते डोळ्यांना न दिसणारे शेवाळ, सूडो-निट्झशिया.

हे शेवाळ माजले की डोमोइक आम्ल नावाचे विष तयार करते. लहान मासे शेवाळ खातात. त्यांना फारसे काही होत नाही, पण ते मासे खाणाऱ्या जलसिंहाच्या अंगात विष साठते. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जे द्रव्य वापरतात, त्याच्यासारखेच हे विष असते. त्यामुळे पेशी भलत्याच चेतवल्या जातात आणि अखेर मरतात. सर्वांत जास्त हानी होते ती हिप्पोकॅम्पस या भागाची. जागा आणि वाटा लक्षात ठेवणे हे त्याचेच काम. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तीस जलसिंह तपासले. ज्यांचा हा भाग जास्त बिघडला होता, त्यांना खाणे कुठे ठेवले आहे हे नीट आठवेना. भर समुद्रात अशा जनावराची उपासमार ठरलेलीच.

माणूसही यातून सुटलेला नाही. १९८७ साली कॅनडात असे विष साठलेले शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले आणि तिघे दगावले. काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. शिजवूनही हे विष जात नाही.

तुम्ही म्हणाल, भातखाचरात निळे-हिरवे शेवाळ सोडा असे साहेबच सांगतात! खरे आहे. ते शेवाळ हवेतला नत्र पिकाला देते. परंतु सगळी शेवाळे एका जातीची नसतात. साचलेल्या तळ्यात उन्हाळ्यात हिरव्या रंगासारखी साय धरते. तिच्यातली काही शेवाळे वेगळी विषे बनवतात. ती यकृतावर किंवा मज्जातंतूंवर घाला घालतात आणि असे पाणी पिऊन गुरे मेल्याची उदाहरणे जगभर आहेत.

म्हणून एवढे करा. साय धरलेल्या तळ्यावर गुरे नेऊ नका. विहिरीचे पाणी द्या. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्या. खताची रिकामी पोती तळ्यात धुऊ नका. शेणाचा ओघळ तळ्याकडे जाऊ देऊ नका. तुमचे खत पिकाच्या मुळाशी राहिले, तर पैसाही वाचेल आणि शेवाळही पोसले जाणार नाही.

जलसिंहाला पाणी निवडता येत नाही. आपल्या गुरांसाठी ते आपण निवडू शकतो.