स्थूल किशोरांचा आहार : उपासमार नव्हे, योग्य निवड

चरबी हा शरीरातील केवळ निष्क्रिय साठा नव्हे. ती प्रमाणाबाहेर वाढली, की तिच्यातून दाहकारक द्रव्ये स्रवतात, हे १९९३ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसून आले. हा मंद दाह जाणवत नाही. परंतु तो इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतो व पुढे मधुमेहास वाट करून देतो.

वाढत्या वयातील मुलांना उपाशी ठेवणे हा यावरील उपाय नव्हे. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते; ते प्रथम वगळावे. तळलेल्या पदार्थांऐवजी ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी व जवसाची चटणी द्यावी. त्यांतील तंतुमय घटक व ओमेगा-३ स्निग्धाम्ले दाह कमी करण्यास साहाय्यभूत ठरतात.

मुलाचे ताट वेगळे वाढून त्याला हिणवू नये. साऱ्या कुटुंबानेच आपला आहार बदलावा.