निसण्यावरची धार

सुरीला धार लावणे म्हणजे पाते दगडावर जोराने घासणे, असा जो समज घरोघर रूढ आहे तो निखालस चुकीचा आहे. खरा कारभार कोनाचा. ४ सेंटिमीटर रुंदीचे पाते १५ अंशांत धरावयाचे, तर त्याची पाठ निसण्यापासून सुमारे १ सेंटिमीटर उचललेली असावी, आणि हे अंतर केवळ मनगटाच्या भरवशावर अखेरपर्यंत कायम राखावे, यातच सारी मेख आहे. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९१ साली शोधलेल्या कार्बोरंडमचे, पोलादाहून कठीण असे, निसण्यातले कण धातू खरवडत जातात, तसतशी विरुद्ध बाजूस एक अतिसूक्ष्म कड उलटून येते, ती अंगठ्याला (धारेपासून बाहेर सरकवलेल्या, धारेवरून फिरवलेल्या नव्हे!) सर्वत्र जाणवली, की मगच पाते पालटावे. नवशिके येथेच उतावीळ होतात.