प्रशासन सेवेतील स्त्रिया व वरिष्ठ पदे

शासनाच्या सनदी सेवांतील सचिव, मुख्य सचिव, राजदूत यांसारख्या धोरण ठरविणाऱ्या पदांवर स्त्रियांची नियुक्ती व पदोन्नती. सेवेत प्रवेश मिळणे आणि सेवेच्या शिखरापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी होत. भारतात पहिला प्रश्न संविधानाने तत्त्वतः सोडविला. दुसरा मात्र सेवानियम व नेमणुकांचे प्रघात यांत दीर्घकाळ अडकून राहिला.

ब्रिटिश अमदानीत इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. १९४८ मध्ये त्या सार्वजनिक सेवांसाठी पात्र ठरल्या आणि संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत लिंगभेदास मनाई केली. तथापि भारतीय प्रशासन सेवेच्या १९५४ च्या भरती नियमांनुसार विवाहित स्त्रीस नियुक्तीचा हक्क नव्हता. नियुक्तीनंतर विवाह करणाऱ्या स्त्रीस कार्यक्षमतेच्या कारणावरून राजीनामा देण्यास सांगता येत असे. ही तरतूद १९७२ मध्ये वगळण्यात आली. पुरुष अधिकाऱ्याच्या विवाहाने कार्यक्षमतेस बाध येतो काय, हा प्रश्न नियमकर्त्यांना पडलेला दिसत नाही. ब्रिटनमध्येही विवाहाची अट गृहसेवेत १९४६ पर्यंत, तर परराष्ट्र सेवेत १९७३ पर्यंत टिकून होती.

भारतीय प्रशासन सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी ॲना राजम जॉर्ज (विवाहोत्तर मल्होत्रा) १९५१ च्या तुकडीतील होत. मद्रास राज्यात त्यांना सचिवालयातील काम देऊ करण्यात आले. त्यांनी मात्र क्षेत्रीय कामाचा आग्रह धरला व होसूर येथे उपजिल्हाधिकारी म्हणून काम केले. हा आग्रह महत्त्वाचा होता, कारण महसूल आणि कायदा व सुव्यवस्था यांचा प्रत्यक्ष अनुभव हाच पुढील बढत्यांचा पाया समजला जातो. पुढे न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा त्यांच्याकडे आली.

परराष्ट्र सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी चो. बे. मुथम्मा १९४९ मध्ये सेवेत आल्या व १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या. सर्वोच्च श्रेणीतील बढती नाकारली गेल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. परराष्ट्र सेवेच्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी लेखी परवानगी घेणे आवश्यक होते, शिवाय कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असे शासनास वाटल्यास तिला राजीनामा द्यावा लागे. खटला चालू असताना शासनाने त्यांना बढती दिली, त्यामुळे याचिका निकालात निघाली. तरीही १९७९ च्या निकालपत्रात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी, कौटुंबिक जबाबदारी हा अडथळा असेल तर तो पुरुषासही लागू पडतो, असे दाखवून दिले आणि सर्व सेवानियम लिंगभेदाच्या दृष्टीने तपासण्याची गरज सांगितली. मुथम्मा यांच्या ज्येष्ठतेचा प्रश्न शासनाने सहानुभूतीने पाहावा, असेही न्यायालयाने सुचविले. बढती उशिरा मिळाली की कनिष्ठ सहकारी पुढे निघून जातात.

नियम गेले तरी वेळेचे गणित राहिले. मुख्य सचिव वा केंद्रीय सचिव हे पद साधारणपणे तीस वर्षांच्या सेवेनंतर मिळते आणि निवृत्तीचे वय ६० आहे. त्यामुळे आज शिखरावर किती स्त्रिया दिसतात, हे पुष्कळसे तीन दशकांपूर्वीच्या भरतीवर अवलंबून असते. त्यातही समाजकल्याण, महिला व बालविकास अशी खाती स्त्रियांकडे आणि गृह, वित्त पुरुषांकडे, असा कल दीर्घकाळ दिसून आला. २००८ पासून केंद्र शासनाच्या स्त्री कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळू लागली. एकल पुरुष पालकांना ती २०१८ मध्ये लागू झाली. तिचा लाभ निःसंशय मोठा; परंतु अपत्यसंगोपन हे मातेचेच काम, हे गृहीतकही तिने दहा वर्षे जपले.

चोकिला अय्यर २००१ मध्ये पहिल्या स्त्री परराष्ट्र सचिव झाल्या. महाराष्ट्राने १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण दिले. मुख्य सचिवपदी मात्र पहिली स्त्री, सुजाता सौनिक, राज्यस्थापनेनंतर ६४ वर्षांनी, जून २०२४ मध्ये आली. केंद्रातील मंत्रिमंडळ सचिवाच्या पदावर २०२५ पर्यंत एकाही स्त्रीची नियुक्ती झालेली नव्हती.