आरोपी सुटला म्हणून फिर्याद खोटी?

अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला की कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीपासून टीव्हीवरील चर्चेपर्यंत एकच वाक्य ऐकू येते, ‘बघा, केस खोटीच होती!’ आपले शिकले-सवरलेले काही बांधवही यावर मान डोलावतात, याचे जास्त वाईट वाटते.

यामागचा तर्क तपासा. केस खोटी असेल तर आरोपी सुटतो, आरोपी सुटला, म्हणून केस खोटी. पहिले विधान घटकाभर खरे धरू. तरीही निष्कर्ष निघत नाही. ‘जर-तर’च्या विधानातून दोनच वाटा निघतात. ‘जर’ खरा ठरला तर ‘तर’ खरा. ‘तर’ खोटा ठरला तर ‘जर’ही खोटा. उलट दिशेने चालता येत नाही.

हे काही पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले नाही. दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी हेतुविद्येत हेच घासूनपुसून मांडले. धूर असेल तर विस्तव आहे. विस्तव नसेल तर धूर नाही. पण विस्तव आहे म्हणून धूर असलाच पाहिजे काय? लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यातून कुठे धूर निघतो?

आरोपी सुटतो तो साक्षीदार फितूर झाले म्हणूनही. फिर्यादीचा जातीचा दाखला कागदपत्रांत जोडलेला नसतो. १९९५ च्या नियमांनुसार तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, तो भलत्याच अंमलदाराने केलेला असतो. आणि ज्याच्या शेतात मजुरी करायची त्याच्याच विरुद्ध पिंजऱ्यात उभे राहून बोलायचे, हे वकिलाला सांगायला सोपे आहे.

२० मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या गैरवापराची चिंता व्यक्त करून अटकेपूर्वी परवानगीची अट घातली. २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला, संसदेने कलम १८-अ आणले, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. केस सिद्ध न होण्यास सदोष तपासही कारणीभूत असतो, हे त्या वेळी न्यायालयानेच नोंदवले.

दुसरी पळवाटही अशीच. ‘जातिवाचक शिवी दिली तर गुन्ह्यात जात आली, शिवी दिली नाही, म्हणजे जातीचा संबंध नाही.’ मुकाट्याने कुऱ्हाड घालणारा मग जात विसरलेला असतो काय? दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी २६ जानेवारी २०१६ पासून कायदा बदलला आहे. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे आरोपीला माहीत असणे पुरेसे आहे. उलटतपासणीत मात्र आजही पहिला प्रश्न तोच येतो, ‘जातीवरून शिवी दिली होती का?’