टाचणवहीत न मावणारं

'शिक्षक जन्मावा लागतो' हे वाक्य डी.एल.एड. किंवा बी.एड.ला प्रवेश घेतलेल्या प्रत्येकानं एकदा तरी ऐकलेलं असतं. त्याचंच भावंड म्हणजे 'विषय पक्का असला की शिकवणं आपोआप जमतं'. दोन्ही समज चुकीचे आहेत, पण दुसऱ्यानं नुकसान जास्त होतं, कारण तो अर्धा खरा आहे.

विषय यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण ५२ वजा २७ आपल्याला करता येणं वेगळं आणि तिसरीतल्या मुलानं उत्तर ३५ का काढलं हे ओळखणं वेगळं. त्या मुलानं एककात २ मधून ७ जात नाहीत असं पाहून सरळ ७ मधून २ काढले, दशकात ५ मधून २. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्यानं इमानेइतबारे पाळला आहे. 'नीट बघ, परत कर' म्हटलं तर तो परत ३५च आणणार. त्याच्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून, त्यातून सत्तावीस काढून दे म्हटलं, की गठ्ठा सोडावाच लागतो आणि हातच्याचा अर्थ तिथे लागतो. मराठी मुलांची आणखी एक अडचण असते. 'सत्तावीस' ऐकताना आधी सात कानावर पडतो, म्हणून काही मुलं ७२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! बदल पटो न पटो, अडचण खरी होती आणि ती पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांना ठाऊक होती. विषय आणि अध्यापन यांच्या सांध्यावरचं हे ज्ञान स्वतंत्र असतं, असं अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं. पदवीच्या गुणपत्रिकेत ते दिसत नाही.

'चांगला शिक्षक म्हणजे छान बोलणारा' हाही असाच समज. प्रश्न विचारून थांबणं हे साधं वाटणारं कौशल्य घ्या. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. सराव पाठात मागे निरीक्षक बसलेले असताना तीन सेकंदांची शांतता केवढी मोठी वाटते, हे छात्रशिक्षकांना विचारा! म्हणून तर सूक्ष्म अध्यापन आहे: सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण घ्या, बारा मिनिटांत नियोजन बदला, पुन्हा शिकवा, पुन्हा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं हे चक्र मनापासून केलं तर सवय बदलते. अनेक ठिकाणी ते फक्त वहीत पूर्ण होतं, हे दुर्दैव.

वहीवरून आठवलं. तीन रंगांच्या शाईतलं, उद्दिष्टं-स्पष्टीकरणांनी भरलेलं टाचण म्हणजे तयारी, असंही मानलं जातं. टाचण हवंच, पण त्यात 'मुलं इथे काय चुकतील' हा रकाना बहुधा नसतो. शिवाय सराव पाठ एका इयत्तेवर होतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत रुजू होणाऱ्याला पहिल्याच दिवशी दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळायच्या असतात. एका गटाला स्वतः करता येईल असं काम देऊन दुसऱ्या गटाजवळ बसता येणं, ही त्याची खरी गरज. मेळघाटात नेमणूक झाली तर समोरच्या मुलांची घरची भाषा कोरकू असू शकते. मग थोडी कोरकू शिकणं हेही प्रशिक्षणच.

छडीशिवाय शिस्त नाही, या समजावर फार लिहीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. गोंगाट बहुतेक वेळा हाताला काम नसल्यानं होतो.

'हे मूल दृक् पद्धतीनं शिकतं, ते श्राव्य' ही वर्गवारी मात्र अजून प्रशिक्षणांतूनही शिकवली जाते. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. अशी वर्गवारी करून शिकवल्यानं शिकणं सुधारतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनीच पाहायचा असतो, कविता सगळ्यांनीच ऐकायची असते.

आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा? दीडशे बहुपर्यायी प्रश्न, दीडशे गुण. ती पात्रता तपासते. त्या परीक्षेत एकही मूल समोर नसतं. मुलं भेटतात ती आंतरवासितेत. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये तिला वीस आठवडे दिलेले आहेत. ते रजेवरच्या शिक्षकांचे तास भरून काढण्यात संपू देऊ नयेत. मार्गदर्शक शिक्षकांना विचारून चार-पाच मुलांच्या वह्या दर आठवड्याला तपासायला घ्याव्यात, चूक दिसली की लाल फुली मारण्याआधी त्या मुलाला जवळ बसवून 'हे कसं केलंस, मला सांग' असं विचारावं, आणि त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावं.